कच्च्या वहीची कैफियत

मी पनवेलला आलो तो तात्पुरता. साल 1984. दादरला किंवा गेला बाजार मुलुंडला दोन खोल्यांची सोय होईपर्यंत, फार तर सहा महिने इथं काढायचे, असं मी घरमालकाला, ऑफिसातल्या साहेबांना आणि हिच्या माहेरच्या यच्चयावत माणसांना शपथेवर सांगितलं होतं. त्या भरवशावर आम्ही सामानाची दोन खोकी सोडलीसुद्धा नाहीत. पुढं 1852 सालापासूनची इथली नगरपालिका 2016 साली महानगरपालिका झाली, शेजारी विमानतळ उभा राहून 2025 च्या ऑक्टोबरात त्याचं उद्घाटनही झालं, पण आमचे सहा महिने काही संपले नाहीत. खोकी अजून माळ्यावर आहेत. एकात पितळी स्टोव्ह आहे. दुसऱ्यात काय आहे ते आता कोणालाच आठवत नाही. आणि म्हणूनच ते टाकायची कोणाची छाती होत नाही.

सांगायचं कारण, 'तात्पुरतं' या शब्दावर चार गोष्टी ठणकावून सांगायचा मला अधिकार आहे. आमचं गावच तसलं. कोकणात जाणारा, पुण्याला जाणारा, मुंबईला परतणारा, प्रत्येकजण इथं घटकाभर टेकतो, चहा पितो आणि निघतो. ज्यांना निघायला जमलं नाही ते पनवेलकर. तेव्हा तात्पुरतं म्हणून जे मागं राहतं, त्याच्या बाजूनं कोणीतरी एकदा भांडायलाच हवं होतं. ते भांडण मी आज काढतो आहे, आणि तेही कॉम्प्युटरमधल्या तात्पुरत्या फायलींवरून. हसू नका. या फायलींपायी एका सज्जन बाईंचं नाव आमच्या सोसायटीच्या फळ्यावर चोवीस तास टांगलेलं होतं.

झालं असं. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. हे पद मला कर्तबगारीवर मिळालेलं नाही. सर्वसाधारण सभेत खजिनदाराची निवड चालू असताना मी पाणी प्यायला उठलो होतो, तेवढं पुरलं. बिऱ्हाडं 48. पूर्वी सगळा कारभार दोन वह्यांवर चाले, एक कच्ची आणि एक पक्की. आला पैसा की आधी कच्च्यात टिपायचा, रात्री जेवणं झाली की शांतपणे पक्क्यात उतरवायचा. माझ्या आधीचे खजिनदार हे काम तीस वर्षं नेमानं करत आले. मग आमच्याकडं आधुनिकता आली. म्हणजे कार्यालयात एक कॉम्प्युटर आला, त्यात हिशेबाचा एक प्रोग्रॅम आला, आणि दोन्ही वह्या रद्दीत गेल्या.

चिटणीस मला म्हणाले, "तो प्रोग्रॅम बंद करत जाऊ नका हो. पुन्हा उघडायला फार वेळ खातो." काहीही न करण्याची सूचना पाळण्यात माझा हात धरणारा मला अजून भेटायचा आहे. मी ती सलग अकरा दिवस पाळली. रोज जायचं, पावत्या फाडायच्या, म्हणजे बटणं दाबायची, आणि पडद्यावर एक फडकं टाकून घरी यायचं.

बाराव्या दिवशी आषाढाच्या पावसानं लाइट घालवली. कॉम्प्युटरखालच्या बॅटरीनं पाच मिनिटं कुईकुई केलं आणि तिनंही प्राण सोडला. लाइट आल्यावर मी शहाण्यासारखा हिशेबाची एक प्रत पेन-ड्राइव्हवर घ्यायला गेलो. बघतो तर हिशेबाच्या फायलीला चिकटून आणखी दोन फायली उभ्या! नाव तेच, फक्त शेपटं वेगळी. एकीच्या शेवटी डब्ल्यू-ए-एल, दुसरीच्या शेवटी एस-एच-एम. वराच्या मागं दोन करवल्या उभ्या राहाव्यात तशा. यांना लग्नाला कोणी बोलावलं होतं?

ज्यांच्याकडून प्रोग्रॅम घेतला होता त्यांना फोन लावला. पलीकडचा तरुण आवाज माझं वाक्य संपायच्या आत म्हणाला, "टेम्पररी असतील, सर. उडवून टाका."

उडवायला भाचा आला. हा भाचा कॉम्प्युटरमधला कचरा काढण्यात पटाईत आहे. खुर्चीत बसता बसताच तो उद्गारला, "मामा, काय हा जंक! श्वास कसा घेत असेल हो हे मशीन?" त्यानं प्रोग्रॅम न उघडताच दोन्ही करवल्यांना मांडवाबाहेर काढलं, आणि वर केराची टोपलीसुद्धा रिकामी केली. इतकी तत्परता त्यानं स्वतःच्या आईच्या घरातल्या केराबाबत कधी दाखवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मग प्रोग्रॅम उघडला. तो आनंदानं उघडला. ना तक्रार, ना लाल अक्षरं. मी भाच्याला दोन वडापाव खिलवले.

तिसऱ्या दिवशी महिनाअखेर आली. प्रोग्रॅमनं आपल्या आपण थकबाकीदारांची यादी छापली आणि चिटणिसांनी ती आपल्या आपण फळ्यावर लावली. यादीत पहिलं नाव दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. थकबाकी रुपये 12,600.

या काकू म्हणजे निवृत्त शिक्षिका. यजमानांच्या दुखण्यात दोन वर्षं हप्ते थकले, यजमानही गेले. त्यानंतर पेन्शनीतून थोडे थोडे बाजूला टाकून त्यांनी आठच दिवसांपूर्वी सगळे पैसे रोख आणून माझ्या हातात दिले होते. पाकिटावर पेन्सिलीनं नोटांची मोड लिहिलेली होती. भाजीवाल्याचे आठ आणे राहिले तर पावसातून परत जाऊन देणारी ही बाई. त्या भांडायला आल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या दारात उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भावजी, माझं काही चुकलं का?"

मी धावत कार्यालयात गेलो. प्रोग्रॅममध्ये काकूंची पावती नव्हती. शेवटच्या अकरा दिवसांतली एकही पावती नव्हती. एकूण 43 पावत्या भूमीनं गिळल्यासारख्या गेलेल्या. बाकीच्यांनी पैसे बँकेमार्फत दिले होते, त्यामुळं बँक तरी साक्षीला होती. काकूंच्या रोख पैशाला साक्षीदार मी एकटा, आणि आता आरोपीही मीच. पेटी मोजली तर हिशेबापेक्षा बरोबर 12,600 रुपये जास्त! पेटीत पैसे कमी पडले तर खजिनदार चोर ठरतो. जास्त निघाले तर तो काय ठरतो, याची उपविधींत सोय नाही. पण संध्याकाळी वडाळे तळ्याकाठी फिरायला जाणाऱ्या मंडळींनी ती सोय केली. "गुपचूप आणून ठेवले असतील परत," असा निकाल दुसऱ्या फेरीच्या आत लागला होता.

शेवटी चौथ्या मजल्यावरची मुलगी उपयोगी पडली. ती याच धंद्यात आहे. सगळं ऐकून घेऊन तिनं कपाळाला हात लावला.

"काका, ती डब्ल्यू-ए-एल फाईल कुठाय?"

"उडवली. टेम्पररी होती ना!"

"अहो काका, तुमचे अकरा दिवस त्यातच होते!"

मग तिनं मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. तिच्या भाषेत ऐकलं तेव्हा मला दोन वेळा चहा घ्यावा लागला होता.

मोठ्या कचेऱ्यांतले डेटाबेस स्वतंत्र बिऱ्हाड करून राहतात. त्यांचा वेगळा सर्व्हर, त्याची देखभाल करायला वेगळा माणूस, असा सगळा थाट. आमच्यासारख्या छोट्या प्रोग्रॅममध्ये असतो तो घरजावई डेटाबेस. वेगळं घर नाही, नोकरचाकर नाहीत, प्रोग्रॅमच्याच पोटात राहायचं आणि एका फायलीत सगळा संसार मांडायचा. या घरजावयांत सर्वांत नावाजलेला म्हणजे एसक्यूलाइट. डी. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी तो 2000 साली तयार केला. ते त्या वेळी अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेसाठी लागणाऱ्या प्रोग्रॅमवर काम करत होते, आणि सर्व्हर बंद पडला की त्यांचाही प्रोग्रॅम बंद पडायचा. तेव्हा त्यांनी सर्व्हरच नको असा डेटाबेस रचला, आणि मालकीहक्क सोडून जगाला फुकट देऊन टाकला. आज तुमच्या खिशातला फोन आयफोन असो की अँड्रॉइड, हा घरजावई त्यात नांदतोच आहे.

आणि हा शहाणा जावई कच्ची वही ठेवतो! आम्ही रद्दीत घातली ती. त्याच्या दोन रीती आहेत. जुनी रीत अशी, की पक्क्या वहीतलं पान खोडण्याआधी त्या पानाची जशीच्या तशी नक्कल 'जर्नल' नावाच्या बाजूच्या फायलीत करायची. काम निर्विघ्न पार पडलं की ती नक्कल फाडून टाकायची. मध्येच लाइट गेली तर नक्कल तशीच राहते, आणि पुढच्या वेळी वही उघडली की तिच्यावरून अर्धवट खोडलेली पानं पूर्ववत होतात. नवी रीत 2010 सालची. तीत पक्क्या वहीला हातच लावायचा नाही. नवं लिखाण डब्ल्यू-ए-एल नावाच्या कच्च्या वहीत करत जायचं, आणि साधारण हजार पानं भरली की, किंवा शेवटच्या माणसानं प्रोग्रॅम नीट बंद केला की, सगळं पक्क्यात उतरवायचं. तिसरी एस-एच-एम फाईल म्हणजे कच्च्या वहीची निव्वळ अनुक्रमणिका. ती गेली तरी कच्च्या वहीवरून पुन्हा तयार होते.

आमचा प्रोग्रॅम नव्या रीतीचा. अकरा दिवसांत हजार पानं काही भरली नाहीत, आणि चिटणिसांच्या आज्ञेवरून मी तो बंदही केला नाही. म्हणजे 43 पावत्या फक्त कच्च्या वहीत होत्या. लाइट गेल्यानंसुद्धा त्यांचं काही बिघडलं नव्हतं. प्रोग्रॅम नुसता उघडला असता तर त्यानं आपण होऊन कच्ची वही वाचली असती आणि सगळं जिथल्या तिथं दिसलं असतं. आम्ही उघडण्याआधी झाडू मारला. पक्की वही धडधाकट राहिली, म्हणून तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत. तिला फक्त अकरा दिवस आठवत नव्हते.

आता माझं भांडण ऐका. पहिलं भांडण प्रोग्रॅम विकणाऱ्यांशी. एसक्यूलाइटच्या कर्त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की त्याच्या तात्पुरत्या फायली नऊ प्रकारच्या असतात. नवग्रहच म्हणा ना! त्यांतले बरेचसे खरोखर क्षणजीवी. मोठी यादी क्रमानं लावायची असली की तेवढ्यापुरता कागद घ्यायचा, काम झालं की चुरगळून टाकायचा, अशातले. प्रोग्रॅम बंद झाल्यावरही यांतला एखादा टेम्प फोल्डरात पडलेला दिसला तर खुशाल टाका. पण जर्नल आणि डब्ल्यू-ए-एल हे त्यांतले नव्हेत. एक उष्टी पत्रावळ आणि दुसरं मृत्युपत्र, आणि दोघांवर शिक्का एकच, 'टेम्पररी'! असला शिक्का मारणाऱ्याला आमच्या जुन्या खजिनदारांनी कार्यालयाची पायरी चढू दिली नसती.

या नावांची एक जुनी गंमत आहे, तीही ऐकण्यासारखी. पूर्वी एसक्यूलाइटच्या क्षणजीवी फायलींचं नाव त्याच्या स्वतःच्याच नावानं सुरू होई. मॅकाफी या कंपनीनं आपल्या व्हायरस मारणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा डेटाबेस वापरला, आणि लोकांना आपल्या टेम्प फोल्डरात या अनोळखी नावाच्या फायली दिसू लागल्या. लोक खवळले. त्यांनी नावाचा शोध घेतला, कर्त्यांचे फोन नंबर मिळवले आणि रात्री-अपरात्री त्यांना झोपेतून उठवून फैलावर घेतलं. वही छापणाऱ्याला उठवून वाण्याच्या उधारीचा जाब विचारण्यातला हा प्रकार. शेवटी 2006 साली कर्त्यांनी काय करावं? फायलींच्या नावात आपलं नाव उलटं लिहिलं! एस पासून ई पर्यंतची अक्षरं ई पासून एस पर्यंत. आणि प्रोग्रॅमच्या आतच त्यांनी टीप लिहून ठेवली, की हे कोडं सोडवण्याइतकी ज्याला अक्कल आहे, त्याला फोन करून फायली जाणार नाहीत एवढीही अक्कल असेलच.

त्या बिचाऱ्यांची झोप मोडली याचं मला वाईट वाटतं. त्यांचा दोषही नव्हता. वही त्यांची, पण पसारा वापरणाऱ्याचा. तरीसुद्धा मी म्हणतो, दारावरची पाटी उलटी लावणं हा काही इलाज नव्हे. पाहुणे येईनासे होतात, पण पोस्टमनही येत नाही. ज्यानं प्रोग्रॅम विकला त्यानं सुलट्या पाटीवर सुलट्या भाषेत लिहावं, 'ही हिशेबाची कच्ची वही आहे, हात लावू नका.' एवढ्या एका ओळीनं काकूंचं नाव फळ्यावर गेलं नसतं. मराठीत लिहिलं असतं तर भाच्यालाही समजलं असतं, निदान त्यानं मला वाचून दाखवायला लावलं असतं.

दुसरं आणि मोठं भांडण झाडूवाल्यांशी. हातात झाडू घेऊन पोटाला चिमटा घेणारे नव्हेत, ते तर काय टाकायचं ते बरोबर ओळखतात. माझा रोख आहे तो हौशी झाडूवाल्यांवर. यांना दिसलं की उडवायचं असतं. जुनं दिसलं, उडवा. नाव कळलं नाही, उडवा. कोणाचं आहे विचारायचं नाही, उघडून बघायचं नाही. घर स्वच्छ दिसण्यासाठी आजोबांच्या पत्रांचा बंब पेटवणारी ही जमात. स्वच्छतेच्या नावाखाली यांचा आळसच बोलत असतो, कारण वाचण्यापेक्षा फेकणं सोपं असतं.

कोणी म्हणेल, "अहो, पण या फायली वाढत जातात, जागा खातात, त्याचं काय?" खातात, कबूल. कच्ची वही कधीकधी फुगून बसते. पण का फुगते? कोणीतरी जुनं पान उघडं धरून तासन् तास बसलेला असतो, आणि तो उठेपर्यंत जावयाला सगळी पानं पक्क्यात उतरवून वही नव्यानं सुरू करता येत नाही. तेव्हा त्या बसलेल्याला उठवा. मोरी तुंबली म्हणून कोणी नळ उपटून काढत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी, दुकानात किंवा सोसायटीत अशा करवल्या दिसतील त्यांना खजिनदाराच्या अनुभवाचे चार बोल. प्रोग्रॅम रोज रीतसर बंद करा. प्रत घ्यायची तर तो बंद करून घ्या, आणि तिन्ही फायली एकत्र घ्या; वराला एकट्याला पळवून नेलं तर लग्न मोडतं. लाइट गेली तर आधी सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवा, मग प्रोग्रॅम उघडा, हिशेब ताडून बघा आणि बंद करा. बहुतेक वेळा करवल्या आपण होऊन निघून जातात. नाहीच गेल्या तर जाणत्याला दाखवा. "उडवून टाका" असं वाक्य संपायच्या आत सांगणारा जाणता नसतो.

काकूंचं पुढं काय झालं? त्या दिवशी प्रिंटरची शाई संपली होती. म्हणून मी त्यांना एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर हातानं पावती लिहून दिली होती. तारीख, रक्कम, माझी सही, आणि वर 'कच्ची पावती, पक्की नंतर देऊ'. दुसऱ्या कोणी ती संध्याकाळी केरात टाकली असती. काकूंनी ती यजमानांच्या औषधांच्या बिलांबरोबर जपून ठेवली होती. मी ती कमिटीपुढं ठेवली, झाला प्रकार भाच्यासकट सांगितला, यादी उतरवली आणि फळ्यावर माफीची चिठ्ठी लावली. चिठ्ठी चार जणांनी वाचली. यादी 48 बिऱ्हाडांनी वाचली होती. काकू आता जिन्यात भेटल्या की पूर्वीसारखंच हसतात, पण हप्ता देताना "पावती हातानं लिहून द्या हं," असं म्हणतात. ते मला लागतं. लागायलाच हवं.

मी नवी कच्ची वही विकत आणली आहे. रोज रात्री जेवणं झाली की लिहितो.

परवा हिनं माळा आवरायला काढला. मदतीला भाचा होताच. दुसरं खोकं खाली घेत तो म्हणाला, "मामा, चाळीस वर्षांत लागलं नाही ते आता काय लागणार? देऊ टाकून?"

मी म्हटलं, "आधी उघड."

सुतळी कापली. आत जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले सहा कप, एक चिमणी फुटलेला कंदील, आणि तळाशी एक पिवळा कागद. दादरच्या दोन खोल्यांसाठी दिलेल्या पाचशे रुपये विसाऱ्याची पावती. साल 1984. वर लिहिलं होतं, 'कच्ची'.

खोल्या काही मिळाल्या नाहीत. पाचशे रुपयेही परत आलेले नाहीत. पावती मी पुन्हा खोक्यात ठेवली आहे.